तुसं चिकटलेलं मशीन

धानाच्या कोठीत लॅपटॉप कोण ठेवतं? आमची माय ठेवते.

दसऱ्यासाठी कामठ्याला आले, अजून पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या, तर माय आतूनच ओरडली, "तुझा कंप्युटर निघाला वो कोठीतून! पाह्य जाऊन. एक किडा नाई लागला त्याले."

आमच्याकडे कोठी पुरती रिकामी करत नाहीत. तळाशी हातभर जुनं धान राहू द्यायचं आणि वरून नवं ओतायचं. रिकामी कोठी पाहू नये म्हणतात. त्यामुळे तळाशी काय पडलंय ते वर्षानुवर्षं कोणालाच दिसत नाही. यंदा दादाने पत्र्याची नवी कोठी आणली, म्हणून बांबूची, शेणानं लिंपलेली जुनी कोठी पहिल्यांदा तळापर्यंत उपसली गेली. आणि तिथे, गोणपाटात गुंडाळलेलं, ते. आणि मी मूर्ख, इतकी वर्षं समजत होते की ते वरच्या पेटीत आहे.

गोणपाट सोडलं तर आत कडुनिंबाचा पाला, वाळून चुरा झालेला. पाल्याखाली बोरिक पावडर, तांदळाला चोळतात तशी. मायला जे जे येतं ते सगळं तिने केलं होतं. कीड खरंच लागली नव्हती. पण या मशीनच्या अंगावर कारखान्यानेच रबरासारखा एक काळा, मऊ थर दिलेला होता. नवं असताना हात लावला की मांजराच्या पाठीवरून हात फिरवल्यासारखं वाटायचं. असला थर जुना झाला की वितळतो, गुळाच्या पाकासारखा चिकट होतो. त्या पाकाला कोठीतली तुसं चिकटली होती. वरून, खालून, बाजूंनी, एक बोटही जागा मोकळी नाही. लॅपटॉपला केस उगवले होते.

"माय, हे काय करून ठेवलंस?"

"काऊन? उंदरानं खाल्ला असता मंग? दुनियाभरचं सामान उंदीर खाते, तुझा कंप्युटर नाई खाणार?"

"अगं, हे धान आहे का?"

"धानाहून मोलाचा हाये म्हणे ना तू? म्हणून तं धानाखाली ठेवला." आणि वर मलाच, "शिकल्या-सवरल्या पोट्टीले एवढं नाई समजे?"

मी बीएस्सी आहे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. हे मी सांगते, कोणी टोकलं तरी सांगते. पण मायच्या पुढे माझी पदवी कधी चालली नाही, आणि आता चालेल असंही वाटत नाही.

ते मशीन मांडीवर घेतलं. नाकाला आधी निंबाचा कडू वास, मग जुन्या धानाचा धुळकट, कोंदट गोडवा, आणि सगळ्यांच्या खाली, अगदी पुसट, तापलेल्या तारांचा आणि धातूचा तो वास. तो आला आणि मी ओसरीवर बसल्या बसल्या थेट दरेकशाला गेले.

दरेकसा म्हटलं की मला आधी बोगदा ऐकू येतो. गाडी डोंगरात शिरायच्या आधी लांब शिटी द्यायची, शिटी मध्येच कोणी गिळल्यासारखी तुटायची, आणि मग पलीकडून, वेगळ्याच आवाजात, पुन्हा निघायची. स्टेशनामागच्या एका कौलारू घरात आमचा सर्व्हेचा कॅम्प होता. डोंगर, नाले, उतार, रानवाटा मोजायच्या आणि नकाशात भरायच्या. मी नुकती पास झालेली. कॅम्पला कंप्युटरवर आकडे भरणारं कोणीतरी हवं होतं, आणि ते कोणीतरी मी झाले. कशी झाले ते सोडा.

त्या काळी युनिक्स नावाच्या प्रणालीवर चालणारी मोठी मशीनं म्हणजे टेबल भरून पसारा. शहरातल्या थंडगार खोल्यांत, काचेमागे. तोच पसारा कोणीतरी हट्टाने दाबून, कोंबून एका पिशवीत मावेल असा केला होता, ज्यांना तो घेऊन रानात जावं लागतं त्यांच्यासाठी. तेच हे. आताच्या लॅपटॉपसारखं फुलपाखरू नाही. मांडीवर घेतलं तर पाय बधिर व्हायचे. कळपटाच्या मधोमध पेन्सिलच्या खोडरबराएवढं एक लाल बोंड होतं, ते बोटाने ढकललं की पडद्यावरचा बाण सरकायचा. चालू केलं की पडदा आधी गुलाबी व्हायचा, पहाटेच्या ढगासारखा, आणि मग हळूहळू पांढरा. बॅटरी भरलेली असली तर चहा उकळून, पिऊन, कप धुऊन होईपर्यंत टिकायची. त्यानंतर डिझेलचं जनरेटर. त्याचा धूर, त्याची धडधड, आणि त्या धडधडीच्या आत डिस्कचा बारीक, उंच सूर. दूरच्या राईस मिलमध्ये पट्टा फिरत असावा तसा.

चैतात त्या घराभोवती मोहफुलांचा वास इतका दाटायचा की दुपारी डोकं जड व्हायचं. ओल्या मोहाचा वास गोड असतो आणि थोडा आंबलेलाही. त्या वासात मी डोंगराच्या उंचीच्या रेषा काढायचे. एक आकडा, मग दुसरा, आणि पडद्यावर रेषा अशी सरकत यायची की कोणी अदृश्य बाई रांगोळी घालतेय. थंडीत मशीनच्या पाठीतून गरम वारा यायचा. साहेब आणि मी आळीपाळीने तिथे तळवे धरून बसायचो. साहेब म्हणजे कॅम्पचे प्रमुख. कडक, पण थंडी सगळ्यांना सारखीच.

साहेबांनी मला पुष्कळ शिकवलं. सगळ्यात आधी शिकवलं ते मशीन बंद कसं करायचं. हे मशीन तार ओढून बंद करायचं नसतं. त्याला जे सांगितलं ते सगळं ते लगेच डिस्कवर लिहीत नाही, काही डोक्यात धरून ठेवतं. तार ओढली की डोक्यातलं गेलं. म्हणून आधी सांगायचं, बाबा रे, आता सगळं लिहून घे. त्यासाठी चार इंग्रजी अक्षरांचा हुकूम आहे, सिंक. आणि तो तीनदा द्यायचा. तीन वेगळ्या ओळींवर, सावकाश.

"तीनदा का साहेब? एकदा पुरत नाही?"

"पुरतं," ते म्हणाले. "पहिलं कामाचं. दुसरं न् तिसरं फक्त थांबायला. तू टाइप करेपर्यंत त्याचं लिहून होतं."

"मग नुसतं थांबलं तर?"

"नुसतं थांब म्हटलं तर माणूस थांबतो का? हाताला काम दिलं की थांबतो."

त्या कॅम्पमध्ये आम्ही सगळे असेच बोलायला लागलो होतो. जेवण झालं, सिंक कर. भांडण झालं, सिंक कर, मग बोल.

कॅम्प उठला तेव्हा साहेब म्हणाले, हे आता जुनं झालं, तिकडे कोणी विचारणार नाही, तुझ्याकडेच राहू दे. मी ते पिशवीत घालून गाडीने गोंदियाला आणि तिथून कामठ्याला आणलं. आणि इथून पुढे माझ्या डोक्याला ताप सुरू झाला, तो अजून चालू आहे.

बाबांनी साऱ्या गावाला सांगितलं होतं, "आमची पोरगी मोठा कंप्युटर चालवते. साधा नाई, डोंगर मोजणारा." खरं म्हणजे बाबांनी मला तो चालवताना पाहिलंच नव्हतं. कॉलेजच्या फाटकापर्यंत ते सायकलवर सोडायला यायचे, पण आत कधी आले नाहीत. दरेकशाला येऊ येऊ म्हणत राहिले, रोवणी आली, कापणी आली, ते आले नाहीत. माझं शिक्षण त्यांनी सगळं ऐकलेलं होतं, पाहिलेलं काहीच नव्हतं. म्हणून त्या वर्षी दिवाळीनंतरच्या मंडईला त्यांनी पाहुण्यांना मुद्दाम निरोप धाडले. मंडई म्हणजे आमच्याकडची जत्रा, गावोगावचे सोयरे येतात. संध्याकाळी दंडारीचा नाच-खेळ बघायचा, दिवसा घरोघरी बसायचं. आमच्या ओसरीवर माणूस मावेना. बाबांनी धुतलेलं धोतर नेसलेलं. मायने कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या तळलेल्या. मशीन पाटावर, पाटाखाली रांगोळी.

आणि मायने त्याला हळदकुंकू लावलेलं. आताच दसऱ्याला झाली होती ना पूजा, परत कशाला? तर म्हणे पाहुण्यांसमोर उघडं कपाळ बरं दिसत नाही.

मी बटण दाबलं. पडदा गुलाबी झाला. ओसरीभर "अरे वा" झालं. पडदा पांढरा होतोय तोच लाइन गेली, आणि बॅटरी तोवर मेलेलीच होती.

परत आली तेव्हा मशीनने, तार ओढल्यावर ते करतं तेच केलं. डिस्क तपासायला बसलं. अचानक बंद पडलेलं हे मशीन आधी स्वतःची झडती घेतं, मगच तुमच्याशी बोलतं. पाच फेऱ्यांत तपासतं, प्रत्येक फेरीला पडद्यावर एक ओळ येते आणि बाकी काही नाही. पहिली ओळ. सगळे बघतायत. काही नाही. दुसरी ओळ. काही नाही. मी समजावून सांगतेय की ते आतून काम करतंय. मामांनी, म्हणजे मायच्या भावाने, तिसरी वडी तोंडात टाकली आणि म्हणाले, "काय जी भाऊजी, कंप्युटर दात घासून रायला का अजून?"

ओसरी फुटली हसण्याने.

"थांबा जी," बाबा म्हणाले. "मोठा हाये तो. मोठ्याले टाइम लागते."

"आमची म्हैसही मोठी हाये, पर ती लवकर उठते!"

तिसऱ्या ओळीला पुन्हा लाइन गेली. पुन्हा आली, पुन्हा पहिल्यापासून. बाहेर दंडारीचा ढोल वाजायला लागला आणि एक एक पाहुणा उठला. बाबा उठले नाहीत. पण त्यांनी मशीनकडेही पाहिलं नाही नंतर. आणि लोकांचं तोंड कोण धरणार? पुढे कित्येक वर्षं मी गावात आले की कोणीतरी विचारायचं, "काय वो, घासले का दात?"

नंतर मी नोकरीला लागले, साधी, नेमाची. नवे कंप्युटर आले, फोन आले. हे मशीन घरच्या देव्हाऱ्यातल्या मूर्तींच्या रांगेत जाऊन बसलं. दर दसऱ्याला नांगर, विळे, कुऱ्हाडी आणि हे. दर दसऱ्याला त्यावर कुंकू, अक्षता. मी फोनवरून ओरडायचे, "माय, कळांच्या फटीत तांदूळ जातात." ती म्हणायची, "जाऊ दे, देवाचे हायेत." पुढे कधीतरी कौलं गळली, वरची पेटी भिजली, आणि तिने ते कोठीत पुरलं.

तर असं ते मांडीवर, केस उगवलेलं. मी म्हटलं, देऊन टाकते भंगारात, आणि तेवढ्यात खाटेवरून बाबा बोलले.

बाबांना काचबिंदू आहे. बाजूचं दिसणं सगळं गेलं. पपईच्या देठाची पुंगळी डोळ्याला लावून बघावं तसं, जेवढं समोर तेवढंच दिसतं. ताटात भात दिसला तर वरण दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, जे गेलं ते येणार नाही, जे उरलंय तेही टिकेल असं नाही. बाबांनी ते ऐकलं आणि "बरं" एवढंच म्हणाले. त्यानंतर ते रोज काहीतरी एक शेवटचं बघून घेतात. कधी बैलाचं शिंग, कधी तळ्यातलं, आमच्या बोडीतलं पाणी. कोणाला सांगत नाहीत, पण आम्हाला कळतं.

"तो चालू करून दाखव एक डाव," ते म्हणाले.

"बाबा, मेलाय तो. माझ्या बॅगेत चांगला लॅपटॉप आहे. तो दाखवते, लगेच चालू होतो."

"तसा तं आता लहान लेकरूही चालवते. तो कायले पाहू? तोच दाखव. मंडईच्या दिवसापासून पाहाचा रायला."

आता मला सांगा, यावर नाही कोण म्हणेल? पण डोकं फिरलंच माझं. नवरात्राचे दिवस. उन्हाने अंग भाजतंय. वावरात धान पिवळं पडायला आलेलं, त्याचा तो कोवळा, दुधी वास घरात येतोय, आणि मी परातीत स्पिरिट घेऊन बसलेय, जुन्या बनियनच्या चिंध्यांनी लॅपटॉपचे केस काढत. तुसं निघायची तर त्यांच्याबरोबर काळं रबर निघायचं, आणि ते बोटाला लागलं की साबणाने जात नाही, राखेने जात नाही. माझे हात इंजिनाच्या ड्रायव्हरसारखे झाले. काळ्याखालून राखाडी धातू दिसायला लागला. माय शेजारी वाती वळत बसली होती. म्हणाली, "आता गोरा झाला." मी दुसरी चिंधी घेतली.

एस अक्षराची कळ खाली जाईना. चाकूच्या टोकाने वर उचलली, तर खाली तांदळाचा दाणा. हळदीचा. इतक्या वर्षांनीही पिवळा.

"पाह्य," मी मायला म्हटलं. "पाह्य, काय निघालं! हाच तो, मी सांगत होते फोनवर!"

तिने तो तळहातावर घेतला, कपाळाला लावला आणि तोंडात टाकला. "परसाद होय," म्हणाली.

चार्जर निघाला तर त्याची वायर उंदराने खाल्लेली. हो, उंदराने. मायने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी थेट गोंदियाची बस धरली. दुकानदाराने मशीन उलटंपालटं केलं, वास घेतला, आणि हिंदीत सुरू झाला. "मॅडम, ये कौन सी कंपनी का है? इसमें विंडोज डल जाएगा क्या?"

"नहीं भैया, इसमें युनिक्स है. सिर्फ चार्जर की वायर जोड दो."

"युनिक्स मतलब? पुराना विंडोज?"

"नहीं."

"तो फिर इससे होगा क्या?"

"मेरे पिताजी देखेंगे."

"क्या देखेंगे?"

मी म्हटलं, तू जोड बाबा वायर. त्याने जोडली. चांगली जोडली, खोटं कशाला बोलू. पण मी पायऱ्या उतरत असताना पोऱ्याला म्हणाला, "बडे लोगों का शौक है." मला परत जाऊन सांगावंसं वाटलं, की अरे, आमच्यात बडे लोक कोणी नाही, माझा बाप अंगठा लावतो. पण बस निघत होती.

खंडेनवमीच्या सकाळी ओसरीवर सगळं मांडलं. घरातली अवजारं एका रांगेत: नांगराचा फाळ, विळे, कुऱ्हाड, दादाची फवारणीची टाकी. मायचा नियम पक्का. एकदा पूजा झाली की अवजाराला दसरा सरेपर्यंत हात लावायचा नाही, त्यांचाही विसावा असतो. म्हणून जे काय करायचं ते पूजेआधी. ती ताट घेऊन दारात उभी. "आटप वो. माह्या निरंजनातलं तेल सरून रायलं."

"माय, दोन मिनिटं."

"मंडईच्या दिवशीही दोनच मिनिटं म्हणत होती."

इन्व्हर्टर लावावा म्हटलं तर तो मेलेला. बॅटरीत पाणी घालावं लागतं हे घरात सगळ्यांना माहीत, घालत कोणीच नाही. मग नशिबावर सोडलं. बाबांना खुर्चीवर माझ्या शेजारी बसवलं, खुर्ची अशी लावली की पडदा नेमका त्यांच्या पुंगळीत येईल. त्यांनी आंघोळ करून नवा सदरा घातला होता. मी म्हटलं नव्हतं.

बटण दाबलं. काही नाही. डिस्क जाम झाली होती, इतकी वर्षं न फिरलेली. मशीन दोन्ही हातांत धरून मनगटाने एक झटका दिला, सुपातले दाणे उलटवतात तसा. परत बटण. आणि आतून तो बारीक, उंच सूर निघाला. आधी घसा बसल्यासारखा, मग चढत चढत गेला.

"मिल चालू झाली," बाबा म्हणाले.

पडदा गुलाबी झाला. मग पांढरा. आणि मशीनने जाहीर केलं की आपण कोण, आपला नंबर काय, तारीख काय, यातलं काहीच आपल्याला माहीत नाही. त्याची ओळख जपणाऱ्या लहानशा चिपच्या पोटात एक बॅटरी असते, ती कधीच मेली होती. दरेकशालाही एका पावसाळ्यात असंच झालं होतं, म्हणून साहेबांनी त्याचा नंबर बुडाला चिकटपट्टीवर लिहून ठेवला होता. तुसांखाली तो शाबूत होता. आता ती ओळख हाताने, एकेक आकडा करून, परत भरायची. एक आकडा चुकला की सगळं पहिल्यापासून.

मी भरायला लागले. डोक्याला काही आठवत नव्हतं, बोटांना आठवत होतं. आणि अर्ध्यात पाहते तर बाबांची मान खाली. पडदा सोडून भलतीकडेच.

"बाबा, वर पाहा. पडद्यावर."

"हो."

मान खालीच.

"बाबा, तिकडे नाही. वर! एवढी खुर्ची लावून दिली ना मी? तुम्हाला दिसत नाही का नीट?"

"मले दिसते. तू तुझं काम कर."

मायने दारातून सुस्कारा टाकला. मी ओठ दाबून आकडे भरले. शेवटचा भरला, चालू हो असं सांगितलं, आणि मशीनने विचार केला, खरखरलं, आणि पडद्यावर ओळी पळायला लागल्या. इतक्या वर्षांनी! मी बाबांचा खांदा हलवला. "झालं बाबा, चालू झालं, पाहा, लवकर पाहा!"

ओळी थांबल्या. डिस्कची तपासणी सुरू. अर्थातच. मंडईच्या दिवसापासून त्याची झडती अर्धीच राहिली होती ना. पहिली फेरी. मी हातावर हात चोळत बसले.

"थांबली काऊन?" बाबा म्हणाले.

"ते तपासतंय. आपण काही करायचं नसतं."

"हं."

दुसरी फेरी. तिसरी. मंडईला इथवरही सुखाने आलो नव्हतो. चौथी. माय ताट खाली ठेवून उंबऱ्यावर टेकली. बाहेर रस्त्यावरून कोणीतरी ओरडून गेलं, चुलीवर दूध उतू गेल्याचा वास आला, कोणी उठलं नाही. पाचव्या फेरीची ओळ उमटली आणि मी देवाचं नाव घेतलं, मी, जी घेत नाही.

डोक्यावरचा पंखा घरघरत थांबला.

पडदा काळा झाला. डिस्कचा सूर उतरत, उतरत गेला. ओसरी एकदम इतकी शांत झाली की वावरातला वारा ऐकू आला.

मी काय बोलले ते लिहीत नाही. वीज कंपनीपासून सुरू केलं, दादाच्या इन्व्हर्टरपर्यंत आले, तिथून मायच्या कोठीकडे वळणार होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं रागाने. रागानेच. एवढं करून, एवढं घासून, परत तेच, या माणसासमोर परत तेच!

"लाइन गेली बाबा," मी म्हटलं.

"गेली तं गेली. पंखा बंद झाला, मले समजते." त्यांची मान अजून खालीच होती. पुंगळी जिथे लावली होती, तिथेच. माझ्या काळ्या पडलेल्या बोटांवर. "तू कायले हात काढला? चालव ना."

माय ताट घेऊन उठली होती. ती उभी राहिली. ताट तिने परत खाली ठेवलं.

मी हात परत कळांवर ठेवले. पहिला सिंक आता कशाच्याच कामाचा नव्हता. तो सोडून दिला. दुसरा टाइप केला, सावकाश. बाबा पाहत होते. मग तिसरा.